पुन्हा येणारा पाहुणा : बारामती-इंदापूरच्या वाटेवरची ओळख

आजचा विषय इतिहासाच्या व्याख्यानमालेत जरा गमतीचा वाटेल. विषय आहे पाहुणा. त्यातही पुन्हा पुन्हा येणारा पाहुणा. यजमान त्याला ओळखतो कसा, त्याची कदर करतो कशी, आणि कुणाला वर्षानुवर्षं येऊनही पाहुणा समजतच नाही, हे आपल्याला बारामती-इंदापूरच्या वाटेवर उभं राहून बघायचं आहे.

विषय सुचला तो एका बिल्ल्यावरून. आमच्या नात्यातली एक मुलगी अमेरिकेत असते. ती पोरांना घेऊन फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला गेली होती. तिथं पहिल्यांदा येणाऱ्याला छातीवर लावायला फुकट बिल्ला देतात, ‘पहिली भेट’ असं लिहिलेला. तो लावलेल्या पोरांचा फोटो घरच्या ग्रुपवर आला. आमच्या आईनं चष्मा लावून तो नीट बघितला आणि विचारलं, “पहिल्यांदा आलेल्याचं एवढं कौतुक. मग जो दर वर्षी येतो, त्याला काय देतात?”

प्रश्न साधा होता, पण आम्हाला पटकन उत्तर देता येईना. मग शोधायला बसलो.

तर थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. सुरुवातीच्या वर्षांत तिथं कुपनांची पुस्तकं मिळायची. कोणत्या खेळाला कोणतं कुपन हे ठरलेलं. कुपन फाडणाऱ्याच्या दृष्टीनं पहिल्यांदा आलेला आणि दहाव्यांदा आलेला माणूस सारखाच. पुढे १९८० च्या दशकात वर्षभराचे पास आले आणि परत येणाऱ्याचा हिशेब सुरू झाला. त्याच सुमारास, १९८१ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सनं किती मैल उडालात ते मोजून बक्षीस द्यायची योजना काढली. आज आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये जे ‘पॉइंट’ साठत असतात, त्यांच्या घराण्यातलं ते एक मोठं नाव. १९९१ मध्ये डिस्नेनं सुट्टीच्या मुक्कामांचे पॉइंट आगाऊ विकायला काढले. २०१३ मध्ये मनगटावर बांधायचा पट्टा आला: खोलीचं दार त्यानंच उघडायचं, पैसेही त्यानंच द्यायचे. म्हणजे पाहुण्याला ओळखायचं काम माणसाकडून पट्ट्याकडे गेलं. आपल्याकडे गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं आणि खोपोलीजवळची इमॅजिका २०१३ ची.

या सगळ्यात एक गोष्ट समान दिसते. पाहुणा किती वेळा आला आणि त्यानं किती खर्च केला, याची नोंद यजमानाकडे असते. ओळख यजमानाच्या वहीत असते, आणि योजना बंद करायची की नियम बदलायचे, हेही यजमानच ठरवतो.

आता आपल्या वाटेवर येऊ.

‘वारी’ हा शब्दच घ्या. वारी म्हणजे फेरी, खेप. वारकरी म्हणजे नेमानं फेरी करणारा. एकदा पंढरपूरला जाऊन आलेला माणूस यात्रेकरू असेल, पण तेवढ्यानं तो वारकरी होत नाही. गळ्यात तुळशीची माळ घालताना तो परत येण्याचंच वचन देतो. जगात तीर्थयात्रा पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच ‘जन्मात एकदा तरी’ या धर्तीच्या. आपल्याकडची ही यात्रा मात्र परत येण्यावरच उभी आहे. आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आम्हाला इथं सापडलं.

पालखी सोहळ्याचा इतिहास आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १६८५ मध्ये तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी पादुका पालखीत ठेवून देहूहून आळंदीमार्गे पंढरपूरला न्यायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानदेवांच्या पालखीचा सोहळा वेगळा उभा केला, तो सासवड-जेजुरी-लोणंद-फलटणच्या वाटेनं जातो. तुकोबांची पालखी मात्र आपल्या वाटेची. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघायचं. पुणं, लोणी काळभोर, यवत, वरवंड असं करत रोटी घाट चढून उंडवडी गवळ्याची, आणि मग बारामती. पुढे काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. सराटीला पादुकांना नीरेत स्नान घालतात, आणि पालखी नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात अकलूजला जाते. तिथीची वाढ-घट झाली की मुक्काम एखादा इकडचा तिकडे होतो, पण माळ तीच.

यात आरक्षण कुठं आहे? ते पंचांगात आहे. पाहुणा कधी येणार हे यजमानाला शे-दोनशे वर्षं आधी कळलेलं असतं. कुणी पत्र घालत नाही, कुणी फोन करत नाही. ज्येष्ठाची पौर्णिमा उलटली की आमच्याकडच्या बायका दळणाचा अंदाज बांधायला लागतात.

आणि ओळख? ती प्रत्येक गावानं आपापल्या परीनं ठेवलेली आहे. यवतला पिठलं-भाकरी, तीही सगळ्या गावानं मिळून केलेली. काटेवाडीला परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळ आपल्या मेंढ्या पालखीभोवती फिरवतात. मेंढ्यांना रोगराई होऊ नये, अशी त्यामागची श्रद्धा. बेलवाडीला या सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण होतं. आता हे बघा: पायघड्या कुणी घालायच्या, मेंढ्या कुणाच्या, अश्व कुणाचा, हे सगळं ठरलेलं आहे. त्याला आपल्याकडे ‘मान’ म्हणतात. माउलींच्या सोहळ्यातले अश्व तर बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांचे येतात. मान मिळाला म्हणजे काही सवलत मिळाली असं नव्हे. मान म्हणजे काम. धोतरं धुऊन आणायची, अंथरायची, पुन्हा गोळा करायची. ज्याला मान, त्याला त्या दिवशी सुट्टी नाही!

दिंड्यांचंही तसंच. तुकोबांच्या पालखीबरोबर तीनशेहून अधिक दिंड्या चालतात. प्रत्येकीला क्रमांक असतो, रथाच्या पुढचा किंवा मागचा. हा क्रमांक म्हणजे चालण्यातली जागा, आणि त्या जागेवरून दिंड्या किती हळव्या असतात ते वारीत चाललेल्यांना सांगायला नको. दिंडीतला माणूस भिशी भरतो, त्यात त्याचं जेवण आणि तंबू होतो. पण भिशी जास्त भरली म्हणून दिंडी चार नंबर पुढे सरकत नाही. जागा खर्चावर मिळत नाही. किती वर्षं न चुकता आलात, यावर ती मुरत जाते. पैसेवाल्या नव्या दिंडीलाही शेवटाला उभं राहूनच सुरुवात करावी लागते.

आमचं घर याच वाटेवर, सणसरच्या पुढे, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर एका वस्तीवर आहे. आमच्याकडे दुपारच्या विसाव्याला एक दिंडी येते. कधीपासून येते हे आमच्या आजीलाही सांगता यायचं नाही. ती सासरी आली तेव्हा येतच होती. आजीला त्यांची नावं फारशी ठाऊक नसत. ती त्यांना ओळखायची ती अशी: विणेकरी महाराज, उंच टाळकरी, तुळशीवाली, पायाला चिंधी बांधणारा. एखादा दिसला नाही तर विचारायची, “पायाला चिंधीवाले आले नाहीत?” मग कुणीतरी आभाळाकडे हात दाखवायचं. आजी पदर डोळ्याला लावायची आणि पुढच्याला भाकरी वाढायची. त्या माणसाचं गाव कोणतं, आडनाव कोणतं, हे तिनं आयुष्यात विचारलं नसेल.

हे असं सांगितलं की लोक म्हणतात, वा, काय आपुलकी. थांबा. इतिहास सांगायचा तर वहीसुद्धा दाखवली पाहिजे. परत येणाऱ्या पाहुण्याची नोंदवही ही काही अमेरिकेची कल्पना नाही. ती आपल्याकडे कित्येक शतकं आहे, आणि ती वाटेवरच्या गावांत नसून मुक्कामाच्या ठिकाणी आहे.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या क्षेत्रोपाध्यांकडे नामावळ्या असतात. तुम्ही गेलात, गाव आणि आडनाव सांगितलं, की उपाध्ये बासनातून लांबट वही काढतात आणि तुमचा आजा-पणजा कधी आला होता ते वाचून दाखवतात. खाली त्याची सही असते, मोडीत. आम्ही स्वतः नाशिकला आमच्या पणजोबांची सही बघितली आहे. अंगावर काटा येतो, खोटं कशाला सांगायचं. मग आपणही खाली सही करतो आणि दक्षिणा थोडी जास्तच ठेवतो. वही आपलं काम करते!

पण ही वही नुसती आठवण नव्हती, ती मालमत्ता होती. अमुक गावचे, अमुक कुळाचे यजमान अमुक उपाध्यांचे, असा तो वृत्तीचा हक्क. तो वारशानं यायचा, भावाभावांत वाटला जायचा, गहाण पडायचा, विकलाही जायचा. त्याच्यावरून भांडणं सरकारदरबारी गेलेली आहेत. म्हणजे तुम्ही इंदापुराहून त्र्यंबकला निघालात, तेव्हा तुम्ही कुणाचे पाहुणे हे आधीच ठरलेलं, आणि तो हक्क मध्येच कुणी दुसऱ्याला विकलेला असू शकतो. तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. आज आपली माहिती एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जाते म्हणून आपण चिडतो. पणजोबा चिडले नसावेत; त्यांना आपण वहीत आहोत याचंच समाधान होतं.

पंढरपुरात बडव्यांकडे, उत्पातांकडे उतरणं हेही असंच चालत आलेलं. त्यांचे मंदिरातले वंशपरंपरेचे हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्यानं काढून घेतले. त्यावरची कोर्टबाजी चाळीस वर्षं चालली आणि २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ती संपली. हे हक्क जायला हवेच होते, असं आमचं मत आहे. पण त्याबरोबर एक गोष्ट लक्षात ठेवावी: यजमानाकडे पाहुण्याची वही असली की ती हळूहळू पाहुण्यावरचा हक्क होते. फ्लोरिडात काय आणि चंद्रभागेच्या वाळवंटात काय.

वाटेवरची ओळख वेगळी पडते ती इथं. आमच्या आजीकडे वही नव्हती, त्यामुळे विकायलाही काही नव्हतं. आणि ओळख एकतर्फी नव्हती. हे आम्हाला नीट कळलं ते २०२२ मध्ये.

त्याआधी दोन वर्षं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. २०२० मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही. पादुका ३० जूनला एसटीच्या बसनं पंढरपूरला नेल्या. २०२१ मध्येही बसच. इकडे आमच्या वस्तीवर काय करायचं ते कुणाला कळेना. पाहुणा येणार नाही हे पक्कं, पण तिथी तर आली. त्या दिवशी आईनं ओटा सारवला. का सारवला असं विचारल्यावर म्हणाली, “मग काय करू?” दुपारी विणेकरी महाराजांचा फोन आला. नंबर कुणाकडून मिळवला देव जाणे, त्याआधी त्यांनी आम्हाला आणि आम्ही त्यांना कधी फोन केलेला नव्हता. एवढंच म्हणाले, “माउली, यंदा येणं नाही.” आई म्हणाली, “माहीत आहे, महाराज.” संपला फोन.

२०२२ मध्ये २० जूनला तुकोबांच्या पालखीनं देहूहून प्रस्थान ठेवलं. आमच्याकडे दिंडी आली ती निम्मी नवीन. विणेकरी महाराज त्या दोन वर्षांत गेले होते. त्यांचा मुलगा वीणा घेऊन आला, पंचविशीतला, पुण्यात नोकरी करणारा. तो पहिल्यांदाच येत होता, तरी फाटकातून थेट गोठ्याच्या बाजूला गेला. आम्ही म्हटलं, “इकडून या.” तर तो म्हणाला, “इथं खुंटी आहे ना, वीणा ठेवायची?” खुंटी होती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं. खुंटी कुठं, पाण्याचा माठ कुठं, कोणत्या भिंतीला दुपारी सावली असते. आमच्या घराचा नकाशा त्याच्या घरात सांभाळलेला होता, आणि आम्हाला त्याचं गाव धड माहीत नव्हतं.

आता हा नकाशाही फार दिवस चालेल असं नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं. रस्ता रुंद होताना कडेचे ओटे, विसाव्याची झाडं, कुणाच्या पडव्या हलल्या. रस्ता हवाच होता, ट्रकखाली माणसं सापडायची ती आम्ही बघितली आहेत. पण ‘वडाखालची वस्ती’ अशी खूण धरून येणाऱ्याला वडच दिसला नाही तर तो पुढे निघून जातो. आमच्या शेजारच्या वस्तीची दिंडी अशीच एका वर्षी पुढच्या फाट्यापर्यंत गेली आणि मग एक पोरगा सायकलवरून त्यांना परत घेऊन आला.

हे ऐकताना कुणाच्या मनात येईल की सगळं फारच सुंदर चाललंय. तसं नव्हतं. ओळख ठेवण्याच्या या रीतीत कुणाला कुठवर ओळखायचं याच्याही रेघा होत्या. इरावती कर्वे आळंदीच्या पालखीबरोबर चालल्या होत्या. ‘परिपूर्ती’तल्या ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी लिहून ठेवलंय की त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे बरोबर चालत, पण जेवायला वेगळे बसत. त्या रोज इकडून तिकडे जायच्या आणि मन खात राहायचं. वाटेवरच्या घरांतही कोण ओट्यावर, कोण अंगणात आणि कोण रस्त्यापलीकडे, हे न बोलता ठरलेलं असायचं. ज्या विठ्ठलाकडे सगळे निघालेले, त्याच्या देवळाचं दार सगळ्यांना उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपोषण करावं लागलं. शेकडो वर्षं न चुकता येणारा पाहुणा, आणि त्याला आत घेण्यासाठी उपोषण! आमच्या आजीनं दिंडीला माठातलं पाणी दिलं हे खरं. सगळ्यांना त्याच माठातलं दिलं का, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

इथं दुसऱ्या एका परत येणाऱ्याकडे वळावं लागतं. तो याच वाटेवर येतो, याच शेतांत मुक्काम करतो. फक्त आषाढात नाही, दिवाळीच्या मागेपुढे येतो.

१८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या माळावर पाणी फिरलं. मग ऊस, मग कारखाने. वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. आणि ऊस आला की तोडायला माणसं आली. १९७२ च्या दुष्काळानंतर तर बीड, नगरकडून येणाऱ्यांचा ओघ फारच वाढला. कारखान्याचं धुराडं पेटलं की टोळी येते, शेताच्या कडेला कोप्या पडतात, पाच-सहा महिन्यांनी पट्टा पडला की कोप्या मोडून टोळी परत जाते. पुढच्या वर्षी पुन्हा. आमच्या भागात वीस-वीस वर्षं येणारी जोडपी आहेत. वारकऱ्याइतकाच नेम.

यांची नोंद कुठं असते? मुकादमाच्या वहीत. आगाऊ दिलेल्या पैशाला उचल म्हणतात. कुणाला किती उचल, किती फिटली, किती राहिली, एवढीच ओळख. आणि मोजायची रीत कशी? नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, गणती एक, आणि त्या एकाला नावही हत्याराचं. परत येण्याचं कारणही बहुतेक वेळा न फिटलेली उचल हेच. थीम पार्कवाले पाहुणा परत यावा म्हणून डोकं खाजवतात. इथं तो परत येतोच, कारण तो बांधलेला आहे. अलीकडे सरकारनं या कामगारांना ओळखपत्रं द्यायला घेतली आहेत. ओळखपत्र! म्हणजे पन्नास वर्षं येणाऱ्याची ओळख अजून पटवायचीच आहे.

जाता जाता नव्या पाहुण्यांबद्दल. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. शहरातली माणसं शेतावर मुक्कामाला आणायची, हुरडा खाऊ घालायचा, बैलगाडीत बसवायचं. त्यातून राज्यभर केंद्रं निघाली आणि २०२० मध्ये सरकारचं कृषी पर्यटन धोरणही आलं. इंदापूर तालुक्यात भिगवणला, कुंभारगावला वेगळाच धंदा उभा राहिला. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली, आणि त्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी, पट्टकदंब यायला लागले. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. त्यांना बघायला माणसं येतात, आणि मासेमारी करणारी मंडळी आता नाव वल्हवत पक्षी दाखवतात. तिथले नावाडी परत येणाऱ्या पाहुण्याला कसं ओळखतात, तर गेल्या खेपेला त्याला कोणता पक्षी दिसला नव्हता त्यावरून. “साहेब, तुमचा मोरघार राहिला होता ना?” असं आम्ही कानानं ऐकलंय. पाहुण्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते कुठल्याही पट्ट्यानं आलं नसतं. आमच्या ओळखीच्या एका शेतकरीण बाईंनी तर वही घातली आहे: कुणाच्या पोराला वांगं चालत नाही, कुणाला भाकरी कडक लागते. त्यांना कुणी ‘लॉयल्टी’ शिकवलेली नाही. त्या माहेरी-सासरी जे करत आल्या तेच करतात, फक्त आता त्याचे पैसे घेतात. घ्यावेत. कष्ट आहेत त्यात.

पण आमच्या डोक्यातून ते कोयत्याचं गणित जाईना, आणि त्याला एक कारण घडलं. तेवढं सांगतो आणि थांबतो.

२०२३ ची वारी. आमच्याकडे दिंडी आली, पंगत बसायच्या आधी आई नेहमीप्रमाणे एकेकाच्या पाया पडत होती. वारकऱ्याच्या पाया पडायचं, तोही आपल्या पडतो, ही रीत. मराठवाड्यातल्या चार-पाच बायका त्या वर्षी दिंडीत नव्यानं आल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या पाया पडून आई उठली, तर ती बाई आईचा हात सोडेना. म्हणाली, “बाई, ओळखलं नाही व्हय?”

आईनं निरखून बघितलं. नाही ओळखलं.

“वाढं घेऊन यायचे की मी तुमच्याकडं. सकाळच्या पारी.”

ऊसतोडीच्या बायका उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढं, जनावरांना घालायला वस्त्यांवर विकतात. ही बाई आमच्या शेताच्या कडेला कोपीत नऊ हंगाम राहिली होती. आमच्या गोठ्यातली जनावरं तिनं आणलेल्या वाढ्यावर जगली होती. तिनं आमच्या म्हशींची चौकशी केली, नावानिशी. आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न कुठं झालं ते विचारलं. आजी गेल्याचं तिला माहीत होतं. ती गेली तेव्हा हंगाम चालू होता आणि ही बाई लांब उभी राहून बघत होती. आईला तिच्याबद्दल काहीच सांगता येईना. तिचं नावसुद्धा.

आईनं शेवटी विचारलं, “नाव काय गं तुझं?”

तिनं सांगितलं. आईनं तिला पंगतीत हाताला धरून बसवलं आणि पहिली भाकरी तिला वाढली. जेवण झाल्यावर बाई भांडं विसळायला उठली, तर आई म्हणाली, “ठेव, ठेव, वारकरी आहेस तू.” त्यावर ती हसली आणि म्हणाली, “दिवाळीला यायचीच आहे की मी. तवा बी विसळू देणार न्हाईसा का?”

आई काही बोलली नाही. दिंडी निघाली, ती बाई टाळ वाजवत अंथुर्ण्याच्या दिशेनं गेली.